घरी बोलकी, वर्गात गप्प

मॅडम,
माझी मुलगी पाचवीत आहे, इंग्रजी माध्यमात. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. घरी तिची बडबड थांबत नाही, मधल्या सुट्टीत मैत्रिणीशीही बोलते, पण वर्गात तोंड उघडत नाही. पालकसभेत टीचर म्हणाल्या, हात वर करत नाही, सांगितलेलं अर्धंच करते, ऐकण्याकडे लक्ष नाही. १५ ऑगस्टच्या भाषणासाठी तिच्या काकांनी लिहून दिलं, आम्ही पंधरा दिवस पाठ करून घेतलं. ‘आदरणीय व्यासपीठ’ एवढं म्हणून ती थांबली आणि रडत खाली आली. तेव्हापासून तिचे बाबा तिला ‘घुम्मी’ म्हणतात, पाहुण्यांसमोरसुद्धा. शेजारच्या ताईंनी व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास सुचवलाय, दोन महिन्यांचे आठ हजार. तिला सर्दीही सारखी असते. जुलैत एकदा मराठीच्या तासाला ती ‘मी वही विसरून गेली, घरी करूनच राहिली होती’ असं म्हणाली तर सगळा वर्ग हसला, असं सांगत होती. पण मुलं काय, हसतातच. क्लास लावू का?
– एक आई, नागपूर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मंचावरून रडत उतरणारी मुलगीच डोळ्यांसमोर राहिली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र शेवटच्या ओळींपाशी थांबले. जुलैत वर्ग हसला आणि ऑगस्टमध्ये ती अडकली. तुम्ही या दोन गोष्टी लांब लांब लिहिल्या आहेत, मला त्या शेजारी शेजारी दिसतात. दहा वर्षांच्या लेकीने वर्ग हसल्याचं घरी येऊन सांगितलं, म्हणजे ते तिला लागलं होतं. ‘मुलं हसतातच’ हे खरं आहे, पण त्या वेळी तिला हे उत्तर नको होतं. रागावून लिहीत नाहीये. कामाच्या रगाड्यात आपल्या सगळ्यांचंच असं होतं.

आठ हजार आत्ता बाजूला ठेवा. सगळ्यात आधी तिचे कान तपासून घ्या.

सारखी सर्दी आणि ‘सांगितलेलं अर्धंच करते’ ही जोडी मी शाळेत फार वेळा पाहिली. सर्दी झाली की नाकामागून कानाकडे जाणारी नळी बंद होते, पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. दुखत नाही, त्यामुळे मूल तक्रार करत नाही. हे कमी-जास्त होत राहतं. आज नीट ऐकणारं मूल पुढच्या आठवड्यात अर्धंच ऐकतं आणि मोठ्यांना वाटतं, मुद्दाम करतंय. टीव्हीचा आवाज वाढवते का? वारंवार ‘काय?’ विचारते का? पाठीमागून हाक मारली तर ओ देते का? दोन दिवस नुसतं पाहा. मग मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांत, नाहीतर तुमच्या ओळखीच्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे तपासणी करून घ्या. हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. सुई नाही, दुखणं नाही.

कान उत्तम निघाले तरी ती वर्गात कुठे बसते ते विचारा. वरून पंखे, खिडकीबाहेर रस्ता, बाजूच्या वर्गातून पाढे, अशा गलक्यात मोठ्या माणसाचा एखादा शब्द सुटला तरी तो अंदाजाने भरून काढतो, कारण भाषेचा साठा मोठा असतो. मुलांकडे तेवढा साठा नसतो. गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची ताकद किशोरवयापर्यंत वाढत असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली शिकवणं चालू असताना वर्गातला आजूबाजूचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा असं सुचवलं होतं. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं, यावरून पाहा की वर्ग किती शांत हवा. टीचरना एवढंच सांगा, सर्दीचा त्रास आहे, काही दिवस पुढच्या बाकावर बसवाल का. घरीही तेच. उन्हाळ्यात आपल्याकडे कुलर घोंघावत असतो आणि आपण स्वयंपाकघरातून सूचना देतो. मूल ऐकत नाही म्हणून ओरडण्याआधी कुलर बंद करा, जवळ जा, तिच्याकडे बघून बोला.

आता त्या हसण्याबद्दल. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण यात माझीही एक चूक आहे.

मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मौद्याकडचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. चार दिवस गैरहजर राहून आला. मी कारण विचारलं. तो उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, माह्या घरी धान कापून राहिले होते.’ मी म्हणाले, ‘माह्या नाही, माझ्या. कापून राहिले नाही, कापत होते. नीट बोल.’ तो खाली बसला. त्याने वर्षभर परत हात वर केला नाही. त्याच्या घरचं धान निघालं होतं, चार दिवस तो बांधावर राबला होता, वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नसलेलं काहीतरी त्याला माहीत होतं, आणि मी त्याच्या क्रियापदाकडे पाहत बसले. त्याचं बोलणं मी ऐकलंच नाही. हे मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

तुमची लेक म्हणाली ‘करूनच राहिली होती’. ही आपली नागपुरी मराठी आहे. आपल्या घरात, बुधवार बाजारात, बर्डीवर, लग्नाच्या पंगतीत आपण असंच बोलतो. पाठ्यपुस्तकातली मराठी वेगळी आहे आणि तीही तिला यायला हवी, परीक्षेत, अर्जात, मोठ्या सभेत ती लागते. पण एक मराठी येण्यासाठी दुसरीची लाज वाटायची गरज नाही. तिला सांगा, की मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तयार झाला. आणि तो कसा झाला हेही सांगा. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन विचारल्या, ऐकल्या आणि लिहून घेतल्या. म्हणजे ज्याला आपण मराठीचं मोठं धन मानतो ते एका माणसाच्या चिकाटीच्या ऐकण्यातून आलं. पाचवीतल्या मुलीला हे कळतं. मी पाचवीच्या वर्गात सांगून पाहिलं आहे.

ती घरी असं काही बोलली तर मध्येच टोकू नका. ती म्हणाली, ‘मी पेन्सिल विसरून गेली’, तर तुम्ही सहज म्हणा, ‘विसरलीस का? मग कोणाची घेतलीस?’ वेगळा शब्दप्रयोग तिच्या कानावर पडतो आणि गोष्ट पुढे जाते. बरोबर बोलायला मूल ऐकून ऐकूनच शिकतं. हिंदी मध्ये आली तरी घाबरू नका. नागपुरात वाढलेलं मूल एका वाक्यात तीन भाषा वापरतं, कोणाशी काय बोलायचं हे त्याला कळत जातं.

दुसरी गोष्ट फारच साधी आहे, पण पाळायला अवघड. प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधल्या संभाषणांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली. मी हे वर्गात करून पाहिलं. पहिले काही दिवस ते तीन सेकंद मला तीन मिनिटांसारखे वाटले. मनात ‘एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री’ असं मोजत असे. मग मागच्या बाकावरून हळूच एक आवाज यायचा. तुम्हीही मोजा. ‘आज शाळेत काय झालं?’ असा ढोबळ प्रश्न टाळा, त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. ‘आज कोणाच्या डब्यात काय होतं?’ असं विचारा आणि संत्री मोजा.

भाषणात ती का अडकली, हे मला पत्र वाचतानाच कळलं. ते भाषण तिचं नव्हतं. काकांचे शब्द, काकांची वाक्यं. पाठांतर साखळीसारखं असतं, एक कडी निसटली की पुढचं काहीच हाती राहत नाही. आणि साखळीची पहिलीच कडी ‘आदरणीय व्यासपीठ’. दहा वर्षांच्या मुलीच्या मनात या शब्दांचं काही चित्रच उमटत नाही. कविता, श्लोक, पाढे पाठ करावेत, त्याने जीभ वळते आणि शब्द साठतात, त्याला माझा विरोध नाही. पण बोलणं शिकायचं असेल तर स्वतः पाहिलेलं, स्वतः केलेलं सांगायला द्यायला हवं. पुढच्या वेळी वाक्यं लिहून देऊ नका. तिला विचारा, तुला काय सांगायचंय? मग तीन खुणा ठरवा. समजा ती महाराजबागेबद्दल बोलणार असेल तर आधी फाटकाशी काय दिसलं, मग कोणता प्राणी आवडला आणि का, शेवटी घरी येताना काय झालं. एवढंच. तीच गोष्ट तिला आज आजीला सांगू द्या, उद्या मामाला फोनवर, परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंना. दर वेळी शब्द वेगळे येतील, गोष्ट तीच राहील. तिसऱ्या वेळेपर्यंत ती पक्की होते आणि अडकली तरी कुठून पुढे जायचं हे तिला माहीत असतं.

फोनवरून सांगण्याचं महत्त्व विशेष. समोरच्याला हात दिसत नाहीत, चेहरा दिसत नाही, सगळं शब्दांतच सांगावं लागतं. मी मुलांना एक खेळ द्यायची. दोघींनी पाठीला पाठ लावून बसायचं, दोघींकडे पाच-पाच ठिपक्यांच्या पाच ओळींचा कागद. एकीने आपल्या कागदावर रांगोळी काढायची आणि दुसरीला नुसती बोलून सांगायची, दुसऱ्या ओळीतला तिसरा ठिपका खालच्या ओळीतल्या चौथ्याला जोड. दुसरीला प्रश्न विचारायची मुभा. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. रांगोळ्या कुठे वेगळ्या झाल्या ते दिसतं आणि ती चूक सांगण्यातली होती की ऐकण्यातली, यावर मुली स्वतःच वाद घालतात. तो वाद जरूर घालू द्या, त्यात खूप शिकतात. तुम्ही दोघी आज रात्रीच हा खेळू शकता.

ऐकायला शिकवणारा आपल्याकडचा सगळ्यात सुंदर खेळ भुलाबाईचा. लवकरच भाद्रपदातली पौर्णिमा येईल, तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघरी गाणी म्हणतील. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा हलवायचा, आवाजावरून अंदाज बांधायचा, प्रश्न विचारायचे. गोड का तिखट? कुरकुरीत का मऊ? तळलेलं का भाजलेलं? जिने आधीचं उत्तर ऐकलं नाही ती तोच प्रश्न परत विचारते आणि सगळ्या तिला सांगतात, ‘अगं, गोड म्हणाल्या ना!’ तिथे कोणी रागावत नाही, लाजवत नाही, पण ऐकल्याशिवाय खाऊ मिळत नाही. हल्ली फ्लॅटमध्ये भुलाबाई मांडणारी घरं कमी झाली. तुम्ही मांडा. तुमच्या इमारतीतल्या चार मुली बोलवा. आठ हजारांतले दोनशे रुपये त्या महिन्याच्या खाऊवर घाला.

बाजारात जाताना तिला बरोबर न्या आणि एक काम तिच्याकडे सोपवा. बाजारात संत्री आली की विक्रेत्याला तिने विचारायचं, ही अंबिया बहाराची का मृग बहाराची (हे संत्र्याचे दोन हंगाम), कुठल्या गावची, गोड कशी ओळखायची. घरी येऊन आजीला सांगायचं. अनोळखी माणसाला प्रश्न विचारणं, उत्तर लक्षात ठेवणं आणि तिसऱ्याला नीट पोचवणं, सगळं त्यात आलं. ती चाचरत असेल तेव्हा तुम्ही मध्ये पडून ‘अहो भाऊ, ती विचारतेय की…’ असं म्हणू नका. संत्री मोजा.

तिच्या बाबांबद्दल. ‘घुम्मी’ हा शब्द आजपासून बंद. हे तुम्ही त्यांना एकांतात सांगा, तिच्यासमोर नको. बाबा प्रेमापोटी, काळजीपोटी म्हणत असतील, मला शंका नाही. पण मूल आपल्याला मिळालेलं नाव अंगात घेतं. पाहुण्यांसमोर ‘हिला बोलताच येत नाही’ असं ऐकलेल्या मुलीला पाहुण्यांसमोर बोलायचं कारणच उरत नाही. आणि पाहुणे आले की ‘कविता म्हणून दाखव’ हेही काही महिने थांबवा. त्याऐवजी बाबांनी रोज रात्री जेवताना दहा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, तिचं ऐकावं. तिने सांगितलेल्या गोष्टीवर एक प्रश्न विचारावा. सल्ला देऊ नये. मुलं ऐकायला कुठे शिकतात, असं मला पालक विचारतात. जिथे त्यांचं कोणी ऐकतं तिथे.

टीचरना भेटाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका. त्यांच्यासमोर पन्नास मुलं असतील. जुलैतला प्रसंग मात्र शांतपणे सांगा, मराठीच्या टीचरनाही, कदाचित त्यांना तो आठवतही नसेल. आणि एक विनंती करा. प्रश्न विचारल्यावर मुलांना आधी मनात विचार करू द्यावा, मग शेजारच्याशी मिनिटभर बोलू द्यावं, मग वर्गाला सांगायला लावावं. अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली, आज कितीतरी देशांत शिक्षक ती वापरतात, कारण तिला पैसा लागत नाही. तुमची लेक मैत्रिणीशी बोलते, म्हणजे तिला शेजारच्या बाकापर्यंतचा रस्ता माहीत आहे. तिथून पुढे वर्गापर्यंत जाणं तिला जमेल.

ती मैत्रिणीशी बोलते हे वाचून मला हायसं वाटलं. काही मुलं घरी भरपूर बोलतात आणि शाळेत महिनोन्‌महिने कोणाशीही अक्षर बोलत नाहीत, शेजारच्या मुलाशीसुद्धा. तो हट्ट नसतो, भीती असते, आणि त्यासाठी बालमानसतज्ज्ञ लागतात. शब्द अडकणं, पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येणं असं काही असेल तर वाचा-उपचार तज्ज्ञांना दाखवावं. तुमच्या वर्णनात मला यातलं काही दिसत नाही. पण दिवाळीनंतरही ती मैत्रिणीशी बोलणंसुद्धा कमी करत गेली तर थांबू नका, दाखवा.

क्लासचं म्हणाल तर सगळे वाईट नसतात. पुढे कधी लावावासा वाटला तर आधी एक तास मागे बसून पाहा. एका मुलाला किती वेळ बोलायला मिळतं? ते स्वतःचं बोलतं का दिलेलं म्हणतं? ते बोलत असताना बाकीची मुलं काय करतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आपली पाळी यायची वाट बघतात’ असं असेल तर घरी परत या.

पोळा आता आलाच. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तिच्यासाठी लाकडी नंदी आणा, लहानसा चालेल, सजवायचा तिने. नंदी घेऊन मुलं दारोदार जातात, बोजारा म्हणजे खाऊ नाहीतर पैसे मिळतात, आणि प्रत्येक दारात कोणीतरी विचारतंच, ‘काय गं, नंदीचं नाव काय? कोणी सजवला?’ तुम्ही तिच्याबरोबर जा, पण दोन पावलं मागे राहा. पहिल्या दारात ती कदाचित तुमच्याकडे बघेल. बघू द्या. उत्तर तुमच्या ओठांवर येईल, ते गिळा. तिसऱ्या-चौथ्या दारापर्यंत नंदीला नाव मिळालेलं असेल.

कोजागिरी झाली की मला पुन्हा पत्र लिहा. त्यातल्या चार ओळी तिच्या असू द्या. ती सांगेल, तुम्ही लिहून घ्या, ‘राहिली’ असेल तर ‘राहिली’च.